उपग्रह कोणत्या देशाचा? मुंबईतल्या एका विद्यार्थी उपग्रहाच्या नोंदणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या उपनगरातलं एक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि युरोपातलं एक विद्यापीठ यांनी मिळून एक छोटा उपग्रह बांधायला घेतला होता. 10 सेंटिमीटर लांबी-रुंदी, 30 सेंटिमीटर उंची, वजन पाच किलोच्या आत. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान मोजणारा अवरक्त संवेदक युरोपातून येणार होता. सांगाडा, बॅटऱ्या, संगणक, अँटेना आणि कॉलेजच्या गच्चीवरचं ग्राउंड स्टेशन ही मुंबईच्या मुलांची कामं. विषयही इथल्या किनाऱ्याला जवळचा. मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे याच्या सूचना हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती केंद्राकडून मच्छीमारांना मिळतात, त्या समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रहीय नोंदींवरच बेतलेल्या असतात. वर्सोव्यातल्या आणि ससून डॉकवरच्या मच्छीमारांशी बोलून मुलांनी आपल्या उपकरणाला किती अचूकता हवी हे ठरवलं होतं.

विद्यार्थ्यांनी उपग्रह बांधणं मुंबईला नवं नाही. आयआयटी मुंबईचा 'प्रथम' 26 सप्टेंबर 2016 रोजी पीएसएलव्ही-सी35 वरून गेला. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याच्या सीओईपीचा 'स्वयम्' गेला होता. पण ते उपग्रह भारतीय संस्थांचे, भारतीय रॉकेटवरून, श्रीहरिकोट्याहून सोडलेले. तो कोणत्या देशाचा, असं विचारायची वेळच येत नव्हती. आमच्या प्रकल्पात दोन देश पहिल्यापासून होते आणि पुढे तिसरा आला.

दोन्ही संस्थांचा सामंजस्य करार चार पानांचा होता. शोधनिबंधांवर नावं कुणाची, पेटंट कुणाचं, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण कशी, माहिती कुणी आधी वापरायची, हे सगळं त्यात नीट लिहिलेलं होतं. उपग्रह वर गेल्यावर त्याची आज्ञा कुणाच्या हाती, फ्रिक्वेन्सीचा परवाना कोणत्या देशाचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या नोंदवहीत तो कुणी नोंदवायचा, यावर एक ओळही नव्हती. दोन विद्यापीठं एरवी जसे करार करतात तसाच हा होता. फक्त या वेळी करारातली वस्तू पृथ्वीबाहेर जाणार होती.

माझी वकिली मुख्यतः जहाजांच्या खटल्यांची, कार्यालय फोर्टमध्ये. अवकाश कायदा मी आवडीने शिकले होते, म्हणून या प्रकल्पाच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी मला बोलावलं. दोन्ही संस्थांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

अडचण कुठे सुरू झाली

मूळ बेत पीएसएलव्हीचा होता, पण त्यासाठी थांबावं लागणार होतं. अशात युरोपातल्या सहकाऱ्यांची मेल आली. अमेरिकेतल्या एका खासगी रॉकेटवर त्यांच्या ओळखीच्या संस्थेचा उपग्रह वेळेत तयार होत नव्हता, त्याची जागा आम्हाला फुकट मिळत होती. दीड महिन्यात होकार आणि कागद द्यायचे होते. मुलं आनंदाने वेडी झाली. प्राध्यापकांनी त्याच दिवशी होकार कळवला.

मग प्रक्षेपण कंपनीचा फॉर्म आला. त्यात इतर रकान्यांबरोबर तीन रकाने होते: उपग्रहाला परवानगी देणारी सरकारी यंत्रणा कोणती, फ्रिक्वेन्सीचा परवाना कोणत्या देशाचा, नोंदणी कोणता देश करणार. युरोपातल्या लोकांनी तिन्ही रकाने मुंबईवर सोडले, कारण उपग्रह मुंबईत बांधला जात होता. आमच्याकडच्यांनी ते युरोपवर सोडले, कारण फ्रिक्वेन्सीची प्रक्रिया तिकडून सुरू झाली होती. चांगला आठवडाभर तो फॉर्म दोन खंडांमध्ये जात-येत राहिला. मग प्राध्यापकांचा मला फोन आला, "मॅडम, हे रकाने भरायला इतका वेळ का लागतोय तेच कळत नाहीये."

वेळ लागत होता, कारण त्या तीन रकान्यांमागे जवळजवळ सगळा अवकाश कायदा उभा आहे.

1967 च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार देशातल्या कुणीही, सरकारी संस्थेने किंवा खासगी, अवकाशात काही केलं तर त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या देशावर येते. देशाने त्या कामाला आधी परवानगी द्यायची आणि नंतर सतत देखरेख ठेवायची. सातवं कलम आणि 1972 चा दायित्व करार नुकसानीबद्दल बोलतात. जो देश उपग्रह सोडतो, जो सोडवून घेतो, ज्याच्या भूमीवरून आणि ज्याच्या सुविधेतून तो सुटतो, असे सगळे देश 'प्रक्षेपक राष्ट्र' ठरतात. भारताने दायित्व करार 1979 मध्ये आणि बाह्य अवकाश करार व नोंदणी करार 1982 मध्ये स्वीकारले, तेव्हा हे सगळं आपल्याला लागू आहे.

त्या फुकट जागेमुळे अमेरिका प्रक्षेपक राष्ट्र होणारच होती, कारण भूमी तिची. युरोपातल्या विद्यापीठाने जागा मिळवली, म्हणून त्यांचा देश आला. उपग्रह आपला आणि चालवणारे आपण, म्हणून भारतही आला. तिघांची जबाबदारी संयुक्त आणि ज्याची त्याची पूर्णही. ज्या देशाचं नुकसान होईल तो तिघांपैकी कुणाही एकाकडे सगळी भरपाई मागू शकतो. आपसांत वाटणी कशी करायची ते त्या तिघांनी बघायचं.

नोंदणी मात्र एकाच देशाने करायची. 1976 मध्ये अमलात आलेल्या नोंदणी करारानुसार एकापेक्षा जास्त प्रक्षेपक राष्ट्रं असतील तर नोंदणी कोण करणार हे त्यांनी मिळून ठरवायचं असतं. ज्याच्या नोंदवहीत उपग्रह, त्याचाच त्यावर अधिकार आणि नियंत्रण. सरकारांना हे नवं नाही. नासा आणि इस्रोचा संयुक्त निसार उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, पण त्यांच्यातला करार कितीतरी आधीचा, 2014 मधला होता. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या, चंद्र आणि त्यापलीकडच्या मोहिमांबद्दलच्या आर्टेमिस करारावर भारताने जून 2023 मध्ये सही केली, त्यातही सहकार्याच्या मोहिमांमध्ये कोणता देश काय नोंदवणार हे ठरवण्याची बांधिलकी आहे. आमच्याकडे मात्र दोन विद्यापीठांनी मिळून एक वस्तू बांधली होती आणि ती कुणाची, हे संबंधित देशांपैकी एकालाही विचारलेलं नव्हतं.

विश्वस्तांची बैठक

हा निर्णय प्राध्यापकांच्या हातातला राहिला नव्हता. कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टला हमीपत्र द्यावं लागणार होतं, म्हणून विश्वस्तांची बैठक बोलावली. ती बैठक मी सविस्तर सांगते, कारण प्रकरणाची दिशा तिथे ठरली.

ट्रस्टचे सचिव निवृत्त सनदी लेखापाल. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाच किलोची वस्तू. ती कुणाचं किती नुकसान करणार?"

उत्तराचे दोन भाग होते. जमिनीवर किंवा उडत्या विमानाचं नुकसान झालं तर दायित्व निरपेक्ष आहे, चूक कुणाची हे सिद्ध करावंच लागत नाही. 24 जानेवारी 1978 रोजी सोव्हिएत संघाचा कॉसमॉस 954 हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेला कोसळला. कॅनडाने सुमारे 60 लाख कॅनेडियन डॉलर मागितले, 1981 मध्ये 30 लाखांवर तडजोड झाली. आमचा उपग्रह इतका लहान होता की वातावरणात शिरताना तो जवळपास पूर्ण जळून गेला असता. तो धोका खरोखरच नगण्य होता.

दुसरा भाग अवकाशातल्या टकरीचा, आणि तिथे वजनाने फारसा फरक पडत नाही. खालच्या कक्षेत वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतात. 10 फेब्रुवारी 2009 रोजी इरिडियम 33 हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस 2251 हा बंद पडलेला उपग्रह एकमेकांवर आदळले आणि हजारो तुकडे झाले. अशा टकरीत दायित्व चुकीवर अवलंबून असतं. मग चूक म्हणजे काय? परवानगी न घेता सोडलेला, ज्यावर कुणाची देखरेख नाही असा उपग्रह, ही चूक दाखवून देणं कुठल्याही वकिलाला फार जड जाणार नाही.

एका विश्वस्तांनी चंद्रपूरची आठवण काढली. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशात जळत्या वस्तूंची रांग दिसली होती आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं कडं पडलं होतं. तज्ज्ञांनी ते चिनी लाँग मार्च रॉकेटच्या टप्प्याचं असल्याचं सांगितलं. कुणी जखमी झालं नाही. "तिथे एखादं घर पडलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

तर भारताला चीनकडे दायित्व करारानुसार भरपाई मागता आली असती. पण त्यावर मी जे सांगितलं ते त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं: हा करार प्रक्षेपक राष्ट्राच्या स्वतःच्या नागरिकांना लागू होत नाही. आपण सोडलेल्या वस्तूने आपल्याच गावात नुकसान केलं तर त्या गावकऱ्याला या कराराचा काहीच उपयोग नाही. त्याने देशातल्या कायद्याकडे जायचं, आणि भारतात अवकाश कायदा अजून झालेला नाही. 2017 मध्ये अवकाश व्यवहार विधेयकाचा मसुदा आला होता, तो मसुदाच राहिला.

सचिवांनी शेवटी विचारलं, "सरकारला भरपाई द्यावी लागली तर सरकार आमच्याकडे येईल का?" सरकार परवानगी देतानाच तसं लिहून घेईल, असं मी सांगितलं. बैठक थोडा वेळ शांत होती.

मी त्यांना माझ्या धंद्यातलं उदाहरण दिलं. जहाज बंदरात येतं तेव्हा आधी त्याचा झेंडा पाहतात. झेंड्याच्या देशाचे नियम जहाजावर चालतात, काही बिघडलं तर त्या देशाला विचारतात. उपग्रहाचंही तसंच, एक मोठा फरक सोडून. जहाज विकलं की झेंडा बदलता येतो. उपग्रह पुढे कुणालाही दिला तरी प्रक्षेपक राष्ट्राचं दायित्व उतरत नाही. एकदा लागलं ते कायमचं.

त्या बैठकीत ठरलं की नोंदणी कोणता देश करणार हे निश्चित होईपर्यंत फॉर्मवर सही करायची नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय युरोपचा. त्यांच्या देशात अवकाश कायदा आहे, परवाना देणारी यंत्रणा आहे, पद्धत बसलेली आहे. मुदतीत बसणारा मार्ग बहुधा हाच होता. पण त्यांच्या यंत्रणेने स्पष्ट सांगितलं की परवाना उपग्रह चालवणाऱ्याला मिळतो. आज्ञा त्यांच्या विद्यापीठातून जायला हव्यात, विमा त्यांच्या विद्यापीठाने काढायला हवा आणि मुंबईचं ग्राउंड स्टेशन फक्त ऐकणार. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं, "मग मॅडम, चार वर्षांनी हा उपग्रह कुणी बनवला असं म्हणणार?" प्रश्न भावनेचा वाटेल, पण त्याला कायद्याची बाजूही होती. उपग्रह मुंबईत बांधला जात होता, त्याचं सॉफ्टवेअर मुंबईचं होतं. ते नीट न जाणणाऱ्यांच्या हाती आज्ञा देणं देखरेखीच्या दृष्टीनेही बरं नव्हतं.

दुसरा पर्याय भारताने नोंदणी करायचा. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचा 2007 चा 62/101 हा ठराव इथे उपयोगी पडला. उपग्रह चालवण्याची जबाबदारी सहाव्या कलमानुसार ज्या देशावर आहे त्याच्याच नोंदवहीत तो असावा, अशी त्याची शिफारस आहे. ठराव बंधनकारक नाही, पण दोन देशांच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवायला याहून चांगला कागद नव्हता. आज्ञा मुंबईहून, म्हणून देश भारत. त्यासाठी अहमदाबादच्या 'इन-स्पेस'ची परवानगी लागणार होती. 2020 मध्ये स्थापन झालेली ही संस्था 2023 च्या भारतीय अवकाश धोरणानुसार आणि मे 2024 मध्ये जाहीर झालेल्या तिच्या नियमावलीनुसार परवानग्या देते. वेगवेगळ्या मंत्रालयांकडून तपासणी होते, पृथ्वीचं निरीक्षण करणाऱ्या उपकरणाकडे वेगळं बघितलं जातं. दीड महिन्यात ते होणं शक्यच नव्हतं.

तिसरा पर्याय वेगळा होता आणि मला तो मनापासून आवडला होता. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाल्यावर वाया जायचा. इस्रो आता त्यालाच 'पोएम' या नावाने प्रयोगांचं व्यासपीठ म्हणून वापरते. जानेवारी 2024 च्या मोहिमेतला पोएम-3 सुमारे 350 किलोमीटरच्या कक्षेत उतरवला आणि 21 मार्च 2024 रोजी तो वातावरणात येऊन नष्ट झाला, मागे कचरा राहिला नाही. संवेदक त्यावर बसवला असता तर स्वतंत्र उपग्रहच उरला नसता, म्हणजे स्वतंत्र नोंदणीचा प्रश्नही नाही. पण पोएमवरचा काळ थोडा, आणि समुद्राच्या तापमानाच्या नोंदी निदान एक पूर्ण पावसाळा ओलांडून हव्या होत्या. मुलांनी केलेलं सांगाड्याचं आणि वीजपुरवठ्याचं कामही बाजूला पडलं असतं.

चौथा कुणी उघड मांडला नाही, पण तो हवेत होता. फॉर्ममध्ये सध्या काहीतरी भरायचं आणि नंतर निस्तरायचं. यावर मी एकच प्रकरण सगळ्यांना वाचायला दिलं. 12 जानेवारी 2018 रोजी आपल्याच पीएसएलव्ही-सी40 वरून स्वॉर्म टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीचे चार अगदी छोटे उपग्रह गेले. ते इतके लहान आहेत की त्यांचा माग ठेवणं कठीण जाईल, म्हणून अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने त्यांना आधीच परवानगी नाकारली होती. तरी ते गेले. कंपनीला नऊ लाख डॉलर भरावे लागले. दोन देशांमध्ये परवानगीचा धागा तुटला की काय होतं ते यात स्वच्छ दिसतं. सोडणाऱ्याला वाटलं परवानगी मालकाने घेतली असेल, आणि मालकाने ती घेतलेलीच नव्हती.

फ्रिक्वेन्सीचा गुंता

हा भाग लहान असला तरी निर्णयाचं पारडं इथेच झुकलं. विद्यार्थ्यांचे उपग्रह बहुधा 435 ते 438 मेगाहर्ट्झच्या हौशी रेडिओ पट्ट्यात बोलतात. त्यासाठी हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडून समन्वय करून घ्यावा लागतो आणि देशाच्या यंत्रणेमार्फत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाला कळवावं लागतं. भारतात ती यंत्रणा दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा. युरोपातून ही प्रक्रिया त्यांच्या देशाच्या नावाने सुरू झाली होती. तशीच पुढे गेली असती तर रेडिओसाठी एक देश आणि नोंदणीसाठी दुसरा, असं झालं असतं. कायद्याने त्याला मनाई आहे असं नाही. पण कधी सिग्नल बंद करायची वेळ आली तर हुकूम कुणाचा, याला उत्तर उरलं नसतं.

चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. युरोपातल्या विद्यापीठाने तापमानाची माहिती एका खासगी कंपनीला विकायचं मनात धरलं होतं. हौशी पट्ट्यात पैशासाठी दळणवळण चालत नाही. त्यांनी हे लपवलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं. पण फॉर्म तसाच पुढे गेला असता तर मुंबईची मुलं नकळत नियमभंगात सापडली असती.

काय केलं

फुकट जागा सोडली. निर्णय ट्रस्टचा, शिफारस माझी. प्राध्यापकांनी युरोपात फोन करून तसं कळवलं. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत.

नंतरचं काम कागदांचं होतं आणि ते सावकाश झालं. सामंजस्य कराराला नवं परिशिष्ट जोडलं: उपग्रह चालवणारी संस्था मुंबईची, नोंदणीसाठी भारताकडे अर्ज होईल, फ्रिक्वेन्सी भारतामार्फत, युरोपची संस्था उपकरण पुरवणारी आणि माहिती वापरणारी. माहिती विकण्याचा बेत त्यांनी सोडला, ती दोन्ही बाजूंनी खुली ठेवायची ठरली. त्यांच्या देशाच्या यंत्रणेकडून एक पत्र मिळवलं की या व्यवस्थेत त्यांचं विद्यापीठ चालक ठरत नाही आणि भारत नोंदणी करणार असल्याची त्यांना कल्पना आहे. सगळ्या फायलीत मला सर्वांत मोलाचं हेच पत्र वाटतं. दोन देशांनी 'मिळून ठरवणं' लहान प्रकल्पात प्रत्यक्षात कसं दिसतं, तर असं: एका अधिकाऱ्याचं दीड पानी पत्र आणि दुसऱ्या देशाच्या अर्जाला जोडलेली त्याची प्रत.

इन-स्पेसकडे अर्ज केला. डब्ल्यूपीसीकडे फ्रिक्वेन्सीचा अर्ज नव्याने केला. गच्चीवरचा अँटेना विमानतळाच्या दिशेला असल्याने त्याच्या उंचीची परवानगी वेगळी. विम्यासाठी चर्चगेटच्या ब्रोकरकडे चकरा झाल्या. प्रक्षेपणाच्या काळातला तिऱ्हाइताचा विमा बहुतेक वेळा रॉकेटवाल्याकडे असतो, अमेरिकेत तर परवान्यासाठी तो कायद्यानेच काढावा लागतो. कक्षेत पोचल्यानंतरची वर्षं मात्र उघडी राहतात. तेवढ्या काळापुरतं लहान संरक्षण मिळालं, त्याचा हप्ता ट्रस्टने भरला.

कक्षेबद्दलही तेव्हाच ठरवलं. आमच्या उपग्रहाला इंजिन नव्हतं, तो खाली येणार तो हवेच्या घर्षणानेच. 500 किलोमीटरच्या आसपास सोडला तर काही वर्षांत येईल, 600 च्या वर तोच काळ कित्येक पटींनी वाढतो. काम संपल्यावर 25 वर्षांत उपग्रह कक्षेतून खाली यावा, हा अवकाश संस्थांच्या समन्वय समितीचा जुना दंडक, अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने 2022 मध्ये तो पाचवर आणला. सुरुवातीला मुलांना उंच कक्षा हवी होती, काम जास्त दिवस चालेल म्हणून. त्यांनीच हिशेब करून ती खाली आणली आणि अर्जात कमाल उंची लिहून दिली.

निष्पत्ती

परवानगी मिळाली. नोंदणीचा मार्गही लेखी निश्चित झाला: उपग्रह कक्षेत गेल्यावर अवकाश विभाग आणि परराष्ट्र खात्यामार्फत व्हिएन्नातल्या संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश कार्यालयाला कळवलं जाईल. उपग्रह आज क्लीनरूममध्ये आहे, प्रक्षेपणाची वाट पाहतो आहे.

किंमतही मोजावी लागली. ज्या मुलांनी सुरुवात केली त्यांच्यातली बहुतेक पदवी घेऊन गेली, काही बंगळूरला, काही परदेशी. त्यांच्यासमोर प्रक्षेपण झालं नाही. युरोपातल्या गटाने मधल्या काळात तसाच दुसरा संवेदक आणखी एका भागीदाराबरोबर वापरायला घेतला आणि शोधनिबंधात त्यांची नावं आधी येणार. प्राध्यापकांना आजही वाटतं की आपण गरजेपेक्षा जास्त घाबरलो. त्यांचं म्हणणं, पहिला पर्याय घेऊन आज्ञा युरोपला दिली असती तर काहीही न बिघडता उपग्रह वर असता. ते चुकीचं बोलत आहेत असं मी म्हणू शकत नाही. मला तो पर्याय पटला नाही, याचं कारण घाबरणं नव्हतं. ज्यांनी उपग्रह बांधला त्यांनाच तो चालवायची परवानगी मागायला शिकवणं हा या प्रकल्पाचा अर्धा उपयोग आहे, असं मला वाटतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, नोंदणीचा प्रश्न सामंजस्य कराराच्या पहिल्या पानावर यायला हवा होता. दोन देशांच्या कॉलेजांनी असं काही हाती घेतलं तर पेटंटच्या कलमाआधी चार गोष्टी लिहाव्यात: आज्ञा कुठून जाणार, फ्रिक्वेन्सी कोणत्या देशामार्फत, नोंदणी कोण करणार आणि विमा कुणाचा. त्यात मतभेद निघाले तर ते बांधणी सुरू व्हायच्या आधी निघतात. आमच्याकडे ते सांगाडा तयार झाल्यावर निघाले.

इन-स्पेसशी पहिलं बोलणं अर्ज करताना झालं. ते संवेदकाची निवड होत असतानाच व्हायला हवं होतं. पृथ्वीकडे पाहणाऱ्या कुठल्याही उपकरणाची तपासणी होणार हे ठाऊक असताना त्याचे तपशील शेवटी कळवण्यात अर्थ नव्हता. नियमावली हाताशी आहे, अधिकारी फोनवर बोलतात. विचारायला कॉलेजं बिचकतात, एवढंच.

देखरेखीची अडचण अजूनही पूर्ण सुटलेली नाही. बाह्य अवकाश करार 'सतत देखरेख' मागतो, आणि कॉलेजमधला संघ तर दरवर्षी बदलतो. इतर वस्तू जवळून जाण्याचे इशारे येतात. इस्रोचं बंगळूरचं 'आयएसफोरओएम' केंद्र असे धोके पाहतं. इशारा मे महिन्याच्या सुट्टीत रात्री आला तर फोन कोण उचलणार? परिशिष्टात आता एका कायमस्वरूपी प्रयोगशाळा साहाय्यकांचं पद जबाबदार म्हणून लिहिलं आहे. ते निवृत्त झाले किंवा ट्रस्टने पद भरलंच नाही तर काय, याचं उत्तर आमच्याकडे नाही, आणि परवाना देणाऱ्या यंत्रणेनेही अजून ते मागितलेलं नाही. ते मागितलं जावं असं मला वाटतं.

लाडबोरीवरून निघालेला प्रश्नही मागे पडू नये. आपल्याच देशाच्या उपग्रहाने आपल्याच माणसाचं नुकसान केलं तर त्याला भरपाई मिळवून देणारं कलम येणाऱ्या अवकाश कायद्यात स्पष्ट असायला हवं: चूक सिद्ध करायला न लावता, परदेशी नागरिकाला जेवढं मिळालं असतं तेवढंच. विधेयकाचा मसुदा पुन्हा लोकांपुढे येईल तेव्हा या कॉलेजच्या वतीने पाठवायच्या सूचनांमध्ये ही पहिली आहे. ती लिहिण्यात ट्रस्टच्या सचिवांनी स्वतः भाग घेतला. भरपाईची रक्कम आधी सरकारने द्यायची आणि मग संस्थेकडून किती वसूल करायची, त्यावर कमाल मर्यादा असावी, हे वाक्य त्यांचं आहे. मर्यादा किती असावी याचा आकडा आम्ही मोकळा सोडला आहे, कारण मोठ्या कंपनीला आणि विद्यार्थ्यांच्या पाच किलोच्या उपग्रहाला एकच आकडा लावला तर कॉलेजं यातून कायमची बाहेर पडतील.